खाऱ्या पाण्याचे माप



जिनिंगच्या कामगारांत उमर घालविलेल्या माणसाने पाण्यावर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. शास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही. पण काट्याची भांडणे पुष्कळ भांडलो. आणि खारपाणपट्ट्यातील पाण्याचे भांडण हेही शेवटी काट्याचेच निघाले.

हा पट्टा पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. आमचे बरेच कामगार तिकडचेच. त्यांच्या गावांसाठी गोड्या पाण्याची मागणी करावी म्हणून आम्ही बाजारातून खिशात मावणारे एक मीटर आणले, बाटल्या गोळा केल्या, आकडे लिहिले आणि अर्ज धाडला. एक म्हातारे शेतकरी तेव्हाच म्हणाले होते, "भाऊ, खारं हाय का नाही हे जिभेले समजते, मीटर कायले पाह्यजे?" अर्ज परत आला. शेरा होता, 'मापन ग्राह्य नाही.' आम्ही संतापलो. मग शिकायला बसलो, तेव्हा कळले की शेरा बरोबर होता.

हे मीटर मीठ मोजीतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच ते मोजते, आणि त्या आकड्याला एका गुणकाने गुणून क्षार किती ते सांगते. गुणक कोणी 0.5 धरतो, कोणी 0.64, कोणी 0.7. आता समजा, विद्युतवाहकता 3000 मायक्रोसीमेन्स आली. पहिल्या गुणकाने क्षार लिटरला 1500 मिलिग्रॅम, दुसऱ्याने 1920, तिसऱ्याने 2100. भारतीय मानकाची शेवटची मर्यादा आहे 2000! म्हणजे एकाच बाटलीतले पाणी एका मीटरवर पास आणि दुसऱ्यावर नापास. कापसाच्या काट्यावर असे झाले असते तर आम्ही फाटक बंद पाडले असते. इथे मात्र आमच्याच अर्जात गुणकाचा पत्ता नव्हता.

दुसरी चूक उन्हाची. पाणी तापले की वाहकता दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून आकडा 25 अंशांवरचा धरतात. वैशाखातल्या एस.टी.त चाळीस अंशांपर्यंत तापलेली बाटली तशीच मोजली तर आकडा तीसेक टक्के फुगतो. नवी मीटरे हा फरक आपोआप वजा करतात हे खरे. पण त्यांचे टोक पाण्याइतके तापेपर्यंत थांबावे लागते, आणि घाईत कोण थांबतो? शिवाय मीटर अधूनमधून 1413 मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणात बुडवून पडताळावे लागते. काचेच्या टाकीत समुद्रातले मासे पाळणारी हौशी मंडळी आपापल्या उपकरणांची अशी पडताळणी करतात. त्यांच्या पाण्यात हजारी पस्तीस भाग मीठ असते, आणि ते चुकले तर मासे मरतात. आमच्या चुकीने कोणी मेले नाही, म्हणून ती आम्हांला उशिरा दिसली.

नमुना घेण्यातही खोट होती. खारे पाणी जड, ते तळाशी राहते. पावसाचे गोडे पाणी वर तरंगते. आम्ही कुठे बादली वरच बुडवली होती, कुठे हापशाचे पहिलेच पाणी भरले होते. दुसऱ्या खेपेस हापसा बराच वेळ हापसून बाटली भरली, वेळ, तापमान व खोली लिहिली, आणि बाटल्या प्रयोगशाळेत दिल्या. तिथे पाणी गाळून आटवतात, उरलेला क्षार 180 अंशांवर वाळवतात आणि तोलतात. शेवटी काटाच आला!

निकालात, ज्या विहिरीबद्दल आम्ही सर्वांत मोठा आरडाओरडा केला होता, तीच 2000 च्या आत निघाली. ती आम्ही यादीतून खोडली. त्या गावचे लोक रागावले, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. कारण मानकात इष्ट मर्यादा 500 आहे. 2000 ची सवलत आहे ती दुसरे पाणी उपलब्ध नसेल तेव्हापुरती. हे वाचल्यावर त्या गावाचा अर्ज आम्ही निराळा लिहिला. त्यात क्षाराचा आकडा जसा आला तसा दिला, आणि विचारले की, या गावाला दुसरे पाणी उपलब्ध नाही, हे कोणी व केव्हा ठरविले?