केस, कॅलरी आणि मेळाव्याची तारीख

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. तो मी परस्पर बदललाय. त्या संधी आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतात. शिवाय सकाळी नोंदणीच्या टेबलापाशी मला सात मैत्रिणींनी आणि एका धीट मित्राने एकच प्रश्न विचारला: ‘अगं, तुझी ती वेणी कुठे गेली?’ प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच माईकवरून सांगते.

शाळेत माझी ओळख दोन गोष्टींवरून होती. एक म्हणजे ‘भोपळा’ हे नाव. ते ज्याने ठेवलं तो चौथ्या रांगेत बसलाय, आणि आता त्याचं स्वतःचं पोट पाहता मी काही बोलणार नाही. दुसरी म्हणजे कमरेपर्यंतच्या दोन वेण्या. आजी दर रविवारी शिकेकाई उकळून न्हाऊ घालायची. गॅदरिंगच्या नाचात मी कायम मागच्या रांगेत, पण मंगळागौरीच्या वर्षी वेणीमुळे पुढे आले. तेव्हा वजनाबद्दल कोणी काही म्हणालं, की मी मनातल्या मनात वेणी पुढे घ्यायचे. ही सवय चव्वेचाळीसाव्या वर्षापर्यंत होती.

आपली पंचविशी २०२१ साली कोरोनात वाहून गेली. या जानेवारीत संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर निरोप आला, मेळावा मे महिन्यात. तिळगूळ अजून तोंडात होता. मी काट्यावर उभी राहिले, ७४ किलो. उंची ५ फूट २ इंच. मग मी जे केलं ते आमच्या धंद्यातले लोक रोज करतात: तारीख आधी ठरवली आणि मागे मोजत आले. १६ आठवडे, १२ किलो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. बाराने गुणलं, ११२ दिवसांनी भागलं, रोजची तूट आली सव्वाआठशे. माझा दिवसाचा खर्च सुमारे १६००. उरले ८००. झालं, आठशे कॅलरी खायच्या. गणित अचूक होतं, गणिताच्या सरांनी दहापैकी दहा दिले असते. फक्त त्या वहीत मी स्वतः कुठेच नव्हते.

८०० कॅलरीत काय बसतं? सकाळी दुधीचा रस, दुपारी काकडी-गाजर आणि मुगाचं पाणी, संध्याकाळी ग्रीन टी, रात्री एक फुलका आणि भाजी. भात बंद, तेल बंद, दाणे बंद. ११ आठवड्यांत ७ किलो उतरले. ऑफिसात कौतुक, सोसायटीत कौतुक, नणंदेने रेसिपी मागितली. थंडी वाजायची, बोलताना शब्द सापडायचे नाहीत, आणि रात्री ११ वाजता मी फोनवर लोक उकडीचे मोदक कसे वळतात ते बघत बसायचे. तेही कोणाला सांगितलं नाही.

पाडव्याच्या सुमारास केस गळायला लागले. नेहमीसारखे चार-दोन नाहीत. उशीवर, कणकेत, लॅपटॉपच्या कळांमध्ये. न्हाणीच्या जाळीवर प्रत्येक वेळी गुंता. मी पडले इंजिनिअर, एका रविवारी बसून मोजले. २६० झाल्यावर मोजणं सोडलं. प्रत्येक केसाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसायचा. मला वाटलं, मुळासकट उपटून येतायत, आता तिथे पुन्हा काही उगवणार नाही.

मग दोषी शोधणं सुरू झालं. आधी टँकरचं पाणी, मग नवा शाम्पू, मग हेल्मेट. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, कारण ‘सगळे बारीक झालीस म्हणतायत’. मी ऑनलाइन बायोटिनच्या गोळ्या मागवल्या, एकेक १० हजार मायक्रोग्रॅमची. माणसाची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅम, हे नंतर कळलं. डाएटवर संशय आला नाही, कारण डाएट तर जानेवारीपासून चालू होतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये केस ठणठणीत होते. आदल्या दिवशी काय बदललं एवढंच मी पाहत होते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या बाईने स्वतःचा लॉग तीन महिने मागे जाऊन वाचला नाही.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हळूच ओढली. दहाबारा हातात आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? ताप, ऑपरेशन, बाळंतपण, एखादा धक्का?’ मी म्हटलं, काही नाही. मग त्यांनी माझ्या सैल झालेल्या ड्रेसकडे बघितलं.

त्यांनी जे समजावलं ते शास्त्राच्या बाईंसमोर सांगते, चुकलं तर बाईंनी थांबवावं. डोक्यावर साधारण एक लाख केस. त्यातले ८५ ते ९० टक्के वाढत असतात, आणि एकेक केस काही वर्षं वाढतो. बाकीचे विश्रांतीला गेलेले असतात. ही विश्रांती सुमारे तीन महिन्यांची, ती संपली की केस गळतो आणि त्याच जागी खालून नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं हा सगळ्यांचाच हिशोब आहे. शरीराला एकदम कमी खायला मिळालं, की ते खर्चाला कात्री लावतं. हृदय, मेंदू यांचं थांबवता येत नाही, मग वेणीचं थांबवतं. वाढीतले पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकाच वेळी गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. हे नाव अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली दिलं. तो पांढरा ठिपका म्हणजे मूळ नव्हे, विश्रांतीतल्या केसाचं गोल झालेलं टोक. मूळ आपल्या जागी शाबूत असतं. एवढं ऐकून मी तिथे रडले. लाज वाटली, पण रडले.

रक्त तपासायच्या आधी त्यांनी बायोटिन बंद करायला लावलं. मोठ्या मात्रेतल्या बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली तसा इशाराही दिला होता. म्हणजे मी दुखण्यावर जे घेत होते त्याने दुखणं शोधणंच अवघड केलं असतं. थायरॉइड ठीक निघालं. हिमोग्लोबिन ११.४, आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ११, म्हणजे तळाला गेलेलं. आपल्या वयाच्या बायकांचं, पाळीचा त्रास वाढलेला असताना, हे आधीच काठावर असतं. मी त्यावर उपास केला होता.

घरी येऊन मी वाचायला बसले आणि मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग सापडला. १९४४-४५ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना कसं सावरायचं ते शिकण्यासाठी. त्या तरुणांचे केस विरळ झाले, त्यांना सतत थंडी वाजे, लक्ष लागेना, आणि ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. माझे मोदक! आता ऐका, त्यांना रोज सुमारे १५७० कॅलरी मिळत होत्या. ते तरुण पुरुष होते, भरपूर चालत होते, त्यामुळे थेट तुलना करू नये. तरी ज्याला शास्त्राच्या इतिहासात ‘अर्धपोटी’ म्हटलं, त्याच्या निम्म्यावर मी हौसेने राहत होते.

पण माझं डाएट ज्या दिवशी थांबलं तो दिवस हा नाही. तेव्हाही मनात होतं, मेपर्यंत ओढू, मग बघू. थांबले ते मुलीमुळे. ती नववीत आहे. एप्रिलमधल्या एका शनिवारी तिच्या दप्तरातून डबा काढला तर पोळीभाजी तशीच. आदल्या दिवशीचाही डबा पिशवीत बांधून कपाटात ठेवलेला. विचारलं तर शांतपणे म्हणाली, ‘आई, तू आठशेवर राहतेस ना, मी हजारावर आहे.’ तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर माझ्यासारखाच तक्ता होता. तारखेसकट. तिला कोणी ‘भोपळा’ म्हणत होतं का, ते मी त्या दिवशी विचारलं नाही. नंतर विचारलं. म्हणत होतं.

त्या रात्री दोघींनी वरणभात, तूप, लिंबू खाल्लं. पुढच्या भेटीत तिलाही डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला एकच सांगितलं, वाढत्या वयात तूट वगैरे काही नाही, खायचं आणि खेळायचं. आमच्या घरातला काटा आता माळ्यावर आहे. मी तो रविवारी, ती क्लासला गेली की काढते.

एवढं होतंय तोच ग्रुपवर निरोप आला, अमेरिकेतल्या मंडळींना नाताळची सुट्टी सोयीची म्हणून मेळावा डिसेंबरमध्ये. मी फोनकडे बघून मोठ्याने हसले.

मग नवा हिशोब आहारतज्ज्ञांकडे बसून केला, या वेळी तारीख नसलेला. बायकांसाठी सूत्र असं: वजन गुणिले १०, अधिक सेंटीमीटरमधली उंची गुणिले सव्वासहा, वजा वय गुणिले ५, वजा १६१. मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं हे सूत्र १९९० सालचं आहे. पुरुषांनी शेवटी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे, का ते विचारू नका. डाएट सोडल्यावर २ किलो परत आले होते, ६९ किलोवर माझं उत्तर आलं १२९०. नुसतं पडून राहिलं तरी लागणारा हा खर्च आहे. बसून काम करणाऱ्याने त्याला १.२ने गुणायचं, थोडं चालणाऱ्याने १.३७५ने. मी रोज चालायला लागले होते, म्हणून आले सुमारे १७७५. त्यातून वजा करायचे ३५०, जास्तीत जास्त ५००, म्हणजे २० ते २८ टक्क्यांच्या आसपास. मी १४२० वर राहिले. सूत्र अंदाजच देतं, शेकडा दहा इकडेतिकडे होतं, म्हणून चार आठवड्यांची सरासरी बघून आकडा हलवायचा. बायकांनी १२०० च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नये, आणि ८०० च्या आत तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणीच नाही. मी ते फोनवरच्या गजराच्या देखरेखीखाली केलं होतं.

कॅलरीपेक्षाही माझं जास्त चुकलं होतं ते प्रथिनांत. केस हे प्रथिनाचेच, केराटिनचे, हे आपण सातवी-आठवीत पाठ केलं होतं. दुधी-काकडीच्या दिवसांत माझ्या पोटात दिवसाला जेमतेम २५ ग्रॅम प्रथिनं जात होती. आता ७० च्या जवळ ठेवते: दोन अंडी म्हणजे १२, मटकीची वाटीभर घट्ट उसळ, ५० ग्रॅम पनीर म्हणजे ९, दही, दूध, मूठभर फुटाणे, ज्वारीच्या दोन भाकरी. रात्री घट्ट वरण, पाणीदार नव्हे. उसळीवर लिंबू पिळते, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकललाय, आणि हा त्याग बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे हे पुण्यातल्या लोकांना सांगायला नको. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच. ‘केसांसाठी’ म्हणून काहीही गिळू नका. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर त्यानेही केस गळतात.

सध्या वजन उतरवण्याची इंजेक्शनं चर्चेत आहेत. इथेही दोघा-तिघांनी सकाळी हळू आवाजात विचारलं. ती घ्यावीत की नाही हे डॉक्टरांनी सांगायचं. पण वजन झपाट्याने उतरलं, मग ते कशानेही उतरो, केसांचं हे होऊ शकतं. एवढं माहीत असलं म्हणजे तीन महिन्यांनी टँकरवाल्याशी भांडण होत नाही. आणि प्रत्येक गळती माझ्यासारखी नसते. चकत्या पडत असतील, टाळू लाल होऊन खाजत असेल, भांग वर्षानुवर्षं रुंद होत चालला असेल किंवा सहा महिन्यांनीही गळणं थांबत नसेल, तर कारण वेगळं असू शकतं. पुरुष मंडळींची टक्कलं बहुतेक आनुवंशिक आहेत, त्याचं खापर बायकोच्या स्वयंपाकावर फोडू नये.

माझी गळती जुलैत कमी झाली. वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरली होती, म्हणून खांद्यापर्यंत कापली. कापताना मुलगी बरोबर होती. गणपतीत भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर नवे केस उभे राहिले, तेल लावलं तरी बसेनात. महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे कमरेपर्यंत वेणी यायला मी पन्नाशी ओलांडेन. वजन आज ६६ आहे. सहा महिन्यांत तीन किलो, त्यातल्या दिवाळीच्या महिन्यात शून्य. ग्रुपवर टाकण्याजोगा फोटो यातून तयार होत नाही.

जेवणात श्रीखंड-पुरी आहे असं मघाशी आचाऱ्यांकडून कळलं. मी खाणार आहे. त्यानंतर मी प्रयोगशाळेच्या पायरीवर वही घेऊन बसते. ज्यांना हिशोब करून हवाय त्यांनी उंची आणि खरं वजन घेऊन यावं. वय विचारणार नाही, ते सगळ्यांचं एकच आहे. चौथ्या रांगेतल्याने पहिल्यांदा यावं.