उंबऱ्याच्या आत बंदूक कोणाच्या परवानगीने?

(भोर-वेल्हे भागातील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज आम्ही भावाबद्दल बोलणार नाही, कर्जाबद्दलही नाही. आज बोलायचे आहे ते आपल्या घराच्या उंबऱ्याबद्दल. पाहुणा बंदूक किंवा पिस्तूल घेऊन घरात आला, तर त्याला तसे आत येऊ द्यायचे का? आणि येऊ द्यायचे की नाही, हे ठरवायचे कोणी?

काही जण म्हणतील, हा प्रश्न शहरातल्या बड्यांचा, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो दोन वाटांनी येतो.

पहिली वाट रानडुकराची. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात भात आणि नाचणी डुक्कर लोळवते. तिकडे कोरडवाहू पट्ट्यात ज्वारी आणि कापूस डुक्कर नि रोही मिळून झोपवतात. म्हणून कोणाकोणाकडे पीकसंरक्षणाचा परवाना आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात १३ व्या कलमात याची तरतूद आहे. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी तोंडाकडून ठासून भरायच्या बंदुकीचा परवाना देता येतो, आणि तेवढ्याने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसऱ्या साध्या नळीच्या बंदुकीचाही. पण एवढ्याने डुक्कर मारायची मोकळीक मिळत नाही. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते. आता राखण करून पहाटे परतताना माणूस वाटेतल्या सोयऱ्याकडे चहाला थांबतो आणि बंदूक पडवीच्या कोपऱ्यात टेकवतो. कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

दुसरी वाट जमिनीच्या गिऱ्हाइकाची. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी या धरणांत इथल्या जमिनी गेल्या. उरल्या त्या पाण्याकाठच्या जमिनींवर आता बंगल्यांचा डोळा आहे. वेल्ह्याचे नाव बदलून राजगड झाले, पण जमिनीमागे लागलेली माणसे बदलली नाहीत. व्यवहाराला पाहुणा येतो तो गाडीतून, बरोबर दोघेतिघे, आणि एकाच्या कमरेला पिस्तूल. तो धमकी देत नाही. फक्त बसताना सदरा जरा वर सरकवतो. मग इसारपावतीवर सही होते आणि सगळे म्हणतात, खुशीखरेदी झाली.

या खुशीचा अर्थ आपण नीट समजून घेऊ. १८७२ चा करार कायदा सांगतो की संमती मोकळी असली पाहिजे. धाकदपटशाने घेतलेली संमती ज्याच्याकडून घेतली, त्याला तो करार रद्द करून मागता येतो. पण कोर्टात धाक सिद्ध करायचा कसा? पिस्तुलाचा फोटो नाही, शब्दाने कोणी काही बोललेले नाही. वकील, तारखा आणि एसटीची भाडी यांतच निम्मी जमीन जाते. म्हणून धाकावरचा खरा इलाज कोर्टाच्या पायरीवर नाही. तो आपल्या उंबऱ्यावर आहे, सही होण्याच्या आधी आहे.

आता कायदा घरमालकाबद्दल काय म्हणतो ते पाहू, कारण इथेच आपली माणसे अडकतात. शस्त्र कायद्याचे ३५ वे कलम असे की, अनेकांच्या एकत्र ताब्यातल्या घरात, गाडीत किंवा जागेत गुन्ह्याचे शस्त्र सापडले आणि ते तिथे आहे हे ठाऊक होते असे मानायला आधार असला, तर त्यातला प्रत्येक जण, उलट सिद्ध होईपर्यंत, तो गुन्हा आपणच केल्यासारखा जबाबदार धरला जातो. पाहुण्याने विनापरवान्याचा कट्टा आणला, तुम्ही पाहिला आणि गप्प बसलात, तर ती गप्पी तुमच्या अंगाशी येऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीची शिक्षा किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षे कैद अशी झाली आहे.

दुसरा फास याहून साधा आहे. पाहुण्याकडे परवाना आहे. तो म्हणतो, ‘तात्या, दोन दिवस तुमच्या कपाटात राहू द्या, मी गावाला जाऊन येतो.’ तात्या भिडेखातर ठेवून घेतात. परवाना पाहुण्याच्या नावाचा आहे, तात्यांच्या नाही. दुरुस्तीला किंवा परवान्याच्या नूतनीकरणाला नेण्यापुरती, मालकासमोर किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, दुसऱ्याला बंदूक नेता येते. पण मालक गावाला आणि बंदूक तुमच्या कपाटात, याला त्या सवलतीत जागा नाही. ठेवायचीच असेल तर पोलीस ठाणे आहे, परवानाधारक शस्त्रविक्रेता आहे. सोयऱ्याचे कपाट नाही.

लग्नाचेही सांगतो. वरातीत बार काढायची हौस काही ठिकाणी आहे. २०१९ सालीच कायद्यात आले की लग्नात, समारंभात, देवळात आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मांडव तुमचा, पाहुणा तुमचा, आणि छऱ्याला सोयरेधायरे कळत नाहीत.

आता समोरची बाजूही ऐकू. परवानाधारक म्हणतो, ‘मी सरकारने तपासलेला माणूस. माझ्यावर अविश्वास दाखवणे हा माझा अपमान.’ त्याचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पण परवाना सरकारने दिला आहे तो शस्त्र बाळगायचा, तुमच्या माजघरात शिरायचा नव्हे. आमच्या औषधाच्या दुकानाचा परवाना आहे म्हणून आम्ही कीटकनाशकाचा डबा तुमच्या चुलीजवळ ठेवला, तर चालेल का? फवारणीचे विष काय करते हे कापूसवाल्यांना सांगायला नको. २०१७ साली यवतमाळने ते पाहिले. विषाचा डबा पाहुण्याच्या चांगुलपणावर सोडत नाहीत, पोरांच्या हाताबाहेर ठेवतात. ठासणीची बंदूक तर अधिक वाईट. टोपी काढली तरी दारू आणि छरे नळीत भरलेलेच राहतात. ती ‘रिकामी’ आहे हे मालकाला माहीत असते की त्याला तसे नुसते वाटत असते, हे पोराने हात लावल्यावर कळते.

अमेरिकेत घरोघर बंदुका, म्हणून तिथे हा वाद मोठा पेटला. २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. त्यावर न्यूयॉर्क राज्याने त्याच वर्षी आणि हवाईने २०२३ साली कायदा केला की दुसऱ्याच्या खाजगी जागेत शस्त्र न्यायचे तर मालकाची स्पष्ट परवानगी हवी. लगेच कोर्टबाजी सुरू झाली. भांडण कशाचे, तर गप्प बसण्याचा अर्थ काय, याचे. मालक काही बोलला नाही तर ‘हो’ समजायचे की ‘नाही’? आमचे उत्तर सरळ आहे. शेतात शिरताना ज्याला शिरायचे तो विचारतो, बांधावर उभे राहून शेतकऱ्याने ओरडत बसायचे नसते. शस्त्राचेही तसेच. विचारायचे पाहुण्याने, मालक गप्प असला तर ते ‘नाही’ समजायचे.

आणि या मातीला हे नवे नाही. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी भेट झाली, तेव्हाही कोण किती माणसांनिशी येणार हे वकिलांमार्फत आधी ठरले होते. सय्यद बंडा जवळ उभा दिसला तर महाराजांनी त्याला दूर करायला सांगितले, असे बखर सांगते. तेवढ्या मोठ्या भेटीत विचारायला संकोच वाटला नाही. याच भोर भागातल्या कारीचे कान्होजी जेधे त्या प्रसंगी स्वराज्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या मुलखात बसून आपण जमिनीच्या दलालाला ‘पिस्तूल बाहेर ठेवून या’ म्हणायला लाजायचे?

वर्दीतल्या पोलिसाचे वेगळे. तो कायद्याच्या कामाला येतो, त्याला पाहुण्याचा नियम लागत नाही. बाकीच्यांसाठी प्रत्येक गावात चार गोष्टी ठरवाव्यात, असे आमचे सांगणे आहे.

एक, बंदूक घेऊन येणाऱ्याने उंबऱ्याबाहेरच सांगावे आणि विचारावे. दोन, परवानगी एकट्या कर्त्या पुरुषाने द्यायची नाही. घरच्या बाईची ‘नाही’ ही शेवटची ‘नाही’, कारण दिवसभर पोरांत ती असते. तीन, राखणीची बंदूक रानातून सरळ मालकाच्या घरी जाईल, वाटेत पडवी नाही, मांडव नाही. चार, शस्त्र असलेल्या बैठकीत जमिनीचा एकही कागद हातात घ्यायचा नाही. इसारपावती नाही, साठेखत नाही, कुलमुखत्यारपत्र तर नाहीच नाही.

एकट्या घराला हे जड जाईल, हे आम्हाला कळते. दारात चार माणसे उभी असताना म्हाताऱ्या-म्हातारीने ‘बाहेर ठेवा’ म्हणायचे कसे? म्हणून नियम घराचा असला तरी आवाज गावाचा लागतो. व्यवहाराची बोलणी देवळाच्या सभामंडपात किंवा चावडीवर, शेजारचे चार जण बसवून करा. ज्याला पिस्तुलाशिवाय बोलता येत नाही, त्याला जमीन विकत घ्यायची नसते, हिसकावून घ्यायची असते.

पाहुणचारात आपण कमी पडणार नाही. ‘पाव्हणं, बंदूक घरी ठिऊन या, मग निवांत जेवू,’ एवढेच बोलायचे. यात कोणाचा अपमान नाही. ज्याला तो वाटेल, त्याला भाकरी नको होती, धाक हवा होता.

ज्यांना हे चार ठराव मान्य असतील त्यांनी हात वर करावेत, आणि मायबहिणींनी आधी करावेत.