मनिलाची हातगाडी आणि कामगाराचा घास



या व्यासपीठावर माझ्या आधी मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत शाळेत आणि पुढचे युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा तत्त्वज्ञान सांगण्याचा माझा अधिकार नाही. मी जेवणाविषयी बोलणार आहे, आणि तेही परमुलखातल्या, रस्त्यावरच्या, स्वस्त जेवणाविषयी. मनिला शहरात हातगाड्यांवर आणि उघड्या बाजारांत जे अन्न विकले जाते, त्याचा कामगाराच्या पगाराशी काय संबंध आहे, एवढाच माझा विषय.

मनिलाच का, असे कोणी विचारील. मी बंदरातल्या आणि जहाजांवरच्या कामगारांत काम करणारा माणूस. आमचे रत्नागिरीकडचे खलाशी ज्या जहाजांवर जातात, त्यांवर फिलिपिनो खलाशी बहुधा असतोच. त्यांच्याशी ओळख झाली, आणि पुढे युनियनच्या बैठकांच्या निमित्ताने दोनदा मनिलाला जाण्याचा योग आला. तिथे लुनेटा बागेच्या कडेला, कलाव रस्त्यावर, खलाशांचा बाजारच भरतो. नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांची माणसे पाट्या घेऊन बसलेली, आणि कागदपत्रांची पाकिटे काखोटीला मारून फिरणारे शेकडो तरुण. ही सगळी गर्दी दुपारी जेवते कुठे, हे पाहू लागलो आणि या विषयात शिरलो.

त्या शहराची सकाळ टाहोवाल्याच्या हाळीने होते. खांद्यावर कावड, कावडीला दोन डबे. एकात सोयाबीनच्या दुधाचा गरम, लुसलुशीत, खरवसासारखा पदार्थ, दुसऱ्यात साखरेचा तांबूस पाक आणि साबुदाणा. पेलाभर टाहो पिऊन माणूस कामाला लागतो. दुपारी साखरेत घोळून तळलेली केळी काडीला टोचून मिळतात. संध्याकाळी कोळशाच्या शेगड्या पेटतात आणि कोंबडीची आतडी भाजल्याचा वास गल्लीभर पसरतो. शाकाहारी श्रोत्यांनी क्षमा करावी, पण पुढे आणखी आहे. गोठवलेल्या रक्ताचे काळे चौकोन भाजतात त्यांना 'बीटामॅक्स' म्हणतात, कारण ते जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखे दिसतात. कोंबडीच्या पायांना 'आदिदास', डोक्याला 'हेल्मेट', डुकराच्या कानाला 'वॉकमन'. चांगले मांस ज्याला परवडते त्याच्याकडे गेले, उरलेसुरले गरिबाकडे आले, आणि त्याने त्याला श्रीमंतांच्या वस्तूंची नावे ठेवून दिली. अशी थट्टा गिरणगावातही चालत असे.

माशाच्या पिठाच्या गोळ्या तळणारा गाडीवाला पाहण्यासारखा असतो. गोळ्या कढईत तरंगत असतात. गिऱ्हाईक आपणच काडीने टोचून घेते, आंबटगोड रसात बुडवते, खाते, आणि शेवटी किती खाल्ल्या ते आपणच सांगते. चार पैशांसाठी एवढा विश्वास टाकणारा व्यापार मोठ्या दुकानांत मला कुठे आढळला नाही.

पण खरे पोटभर जेवण मिळते ते कारिंदेरियात. कारिंदेरिया म्हणजे आपली खानावळच. फळकुटाचा बाक, ओळीने मांडलेली पातेली. गिऱ्हाईक झाकणे उचलून पाहते आणि बोटाने दाखवते. म्हणून तिला 'तुरो-तुरो' असेही म्हणतात, म्हणजे 'दाखव-दाखव'. भाताबरोबर जे खायचे त्याला ते 'उलाम' म्हणतात. आपले कालवण. पैसे कमी असतील तर अर्धे उलाम मिळते, आणि पातळ रस्सा बहुधा फुकट. शुक्रवारी मुगाचे कालवण करण्याचा रिवाज आहे, कारण कॅथलिक लोक त्या दिवशी मांस टाळीत. आजारी माणसाला आणि मोकळ्या खिशाला लुगाव, म्हणजे आल्याची चव दिलेली भाताची पेज. २०२१ च्या मार्चअखेर, टाळेबंदीत, मनिलाजवळच्या बुलाकान प्रांतात पेज पोचवायला निघालेल्या एका पोऱ्याला स्थानिक अधिकारी बाईंनी अडवले. त्यांचे म्हणणे, लुगाव ही काही जीवनावश्यक वस्तू नव्हे. देशभर एवढा गदारोळ झाला की लुगाव जीवनावश्यक आहे असा खुलासा राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्याला करावा लागला!

'कारिंदेरिया' हा शब्द 'कारी' म्हणजे आपल्या करीवरून आला असे तिकडे सांगतात. १७६२ ते १७६४ या काळात मनिला इंग्रजांच्या ताब्यात होते. त्यांच्या फौजेत मद्रासकडचे शिपाई होते, आणि त्यांतले काही कायंता गावी राहिले ते कायमचेच. शब्दाची कथा खरी असो वा नसो, रस्त्यावरच्या जेवणाचा आणि कारखान्याचा संबंध मात्र पक्का आहे. स्पॅनिश सरकारची तंबाखूची मक्तेदारी १७८२ पासून १८८२ पर्यंत चालली. मनिलाच्या विडी-चिरूटाच्या कारखान्यांत हजारो बायका कामाला होत्या. दिवसभर चिरूट वळणाऱ्या बाईने चूल कधी पेटवायची? चिनी फेरीवाले शिजवलेल्या शेवया घेऊन त्यांच्यापर्यंत जात. म्हणजे कारखान्याच्या दाराशी येणारे हे जेवण कारखान्याइतकेच जुने आहे.

आता हिशेब करू. २०२५ च्या जुलैत मनिला महानगरातला किमान रोज ६९५ पेसो ठरला. पेसो म्हणजे अदमासे दीड रुपया धरा. त्याआधी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, सरकारच्या नियोजन खात्याने सांगितले होते की माणशी दिवसाला ६४ पेसो अन्नावर खर्च करू शकणारा माणूस अन्नाच्या दृष्टीने गरीब नव्हे. दिवसाला तीन जेवणे धरली तर एका जेवणाला २१ पेसो! लोक संतापले ते योग्यच होते. पण सरकारचाच आकडा घेऊ. पाच माणसांच्या घराला ३२० पेसो झाले, म्हणजे एका कमावत्या माणसाच्या किमान रोजातले जवळजवळ निम्मे. तेही घरी शिजवून. मॉलमध्ये उभी राहणारी विक्रेती घरापासून दोन तासांवर असते. तिची नेमणूक पाच महिन्यांची, कारण सहा महिने भरले की कायम करावे लागते. या पद्धतीला तिकडे 'एंडो' म्हणतात. तिला कंपनीचे उपाहारगृह कोण देणार? ती मागच्या गल्लीतल्या कारिंदेरियात जाते, म्हणून तो पगार तिला पुरतो.

मालक पगार ठरवताना ही गल्ली आहे असे गृहीत धरतो. गल्लीतली बाई पहाटे तीनला उठून बाजार करते, तिची मुलगी भांडी घासते, नवरा पाणी आणतो. या तिघांच्या श्रमाचा मोबदला जेवणाच्या किमतीत नीट धरलेलाच नसतो, म्हणून ते जेवण स्वस्त. मालकाच्या पगारपत्रकातली बचत त्या बाईच्या पाठीवरून होते.

आणि तिच्या पाठीवर आणखी दोघे बसलेले असतात. एक हप्ता घेणारा, त्याला तिकडे 'कोटोंग' म्हणतात. त्याच्याविषयी आपल्याला नवे काही सांगायला नको. दुसऱ्याचे नाव ऐकून मात्र मी दचकलो. त्याला 'बुंबाय' म्हणतात. म्हणजे आपली मुंबई! हे सावकार बहुतेक पंजाबचे, पण तिकडे कोणताही हिंदी माणूस बुंबाय. मोठ्या कांद्यालाही ते 'सिबुयास बोंबाय' म्हणतात, आणि रडणाऱ्या पोराला आया भीती घालतात की बुंबाय येईल आणि पोत्यात घालून नेईल. हा बुंबाय मोटारसायकलवरून दारोदार येतो आणि 'पाच-सहा'ने कर्ज देतो: पाच घ्या, सहा द्या. कागद नाही, तारण नाही. समजा ५,००० पेसो घेतले आणि रोज २०० प्रमाणे तीस दिवसांत ६,००० फेडले. वरवर व्याज महिना वीस टक्के. पण मुद्दल रोज कमी होत जाते, म्हणजे सरासरीने निम्मीच रक्कम तिच्या हाती राहते. खरे व्याज चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी २०१७ मध्ये या सावकारीविरुद्ध तोफ डागली, आणि दरमहा अडीच टक्क्यांहून जास्त व्याज न घेणारी सरकारी कर्जयोजना काढली. योजना चांगली. पण बुंबाय सकाळी सहाला बाईच्या चुलीपाशी येतो, आणि सरकारी कचेरीत तिला जावे लागते, तेही धंदा बुडवून.

यावर उपाय आपल्याच मुंबईत निघालेला आहे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका अशाच वाणी-सावकारांच्या देणेकरी होत्या. प्रेमाताई पुरव या चळवळीतल्या बाईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. बायका एकमेकींना जामीन राहिल्या. ज्या बायका गिरणीत कधी शिरल्या नाहीत, त्यांना चळवळीने आपले मानले. मला यातली ही गोष्ट मोठी वाटते.

मनिलात सध्या भांडण आहे ते रस्त्याचे. तिथल्या दिविसोरिया बाजारात किंवा कियापो चर्चच्या भोवती जो गेला असेल त्याला कळेल की गाड्यांनी रस्ते खरोखर अडत. रुग्णवाहिका अडली तर मरणारा माणूसही गरीबच असतो, हे मी नाकारीत नाही. पण उपाय कसे झाले पाहा. या शतकाच्या पहिल्या दशकात महानगर प्राधिकरणाचे प्रमुख बायानी फर्नांडो यांच्या कारकिर्दीत पथके विक्रेत्यांच्या मालावर रॉकेल ओतीत. २०१९ मध्ये इस्को मोरेनो महापौर झाले. तोंडोच्या झोपडपट्टीत वाढलेला, कचरा वेचलेला माणूस. त्यांनी आल्याआल्या दिविसोरियातले रस्ते मोकळे केले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच जुलैत राष्ट्राध्यक्षांच्या भाषणानंतर देशातल्या सगळ्या महापौरांना रस्ते मोकळे करण्यासाठी साठ दिवसांची मुदत मिळाली. वास्तविक नोंदलेल्या फेरीवाल्यांना संरक्षण देणारा आदेश राष्ट्राध्यक्ष रामोस यांनी १९९७ मध्येच काढलेला होता. मेख 'नोंदलेल्या' या शब्दात आहे. आपला २०१४ चा फेरीवाला कायदा निदान आधी पाहणी करा, मग हात लावा, असे म्हणतो. त्याची अंमलबजावणी कशी होते ते आपण रोज पाहतोच.

गाडी हटली की विक्रेती रडते, ते दिसते. त्या दिवसापासून शंभर कामगारांचे दुपारचे जेवण महाग झाले, ते कोणाला दिसत नाही. पगारात कपात झाली, पण नोटीस कोणी दिली नाही, त्यामुळे संपही झाला नाही. काही जण एक पायरी खाली उतरतात. त्या पायरीला तोंडोत 'पगपग' म्हणतात. पगपग म्हणजे झटकणे. मोठ्या उपाहारगृहांच्या कचऱ्यातून कोंबडीचे उष्टे तुकडे काढायचे, झटकायचे, धुवायचे आणि पुन्हा शिजवून विकायचे. ते खाणारी माणसे आहेत.

मार्ग नाही असे नाही. माकाती हा तिथला बँका-कंपन्यांचा भाग. तिथे कारकुनांना जेवण विकणाऱ्या जुन्या जीपगाड्या उभ्या राहत, त्यांना लोक 'जॉलीजीप' म्हणू लागले. पालिकेने त्यांना हाकलले नाही. ठराविक जागा दिल्या, एकसारखी पत्र्याची खोकी उभी राहिली, आणि चकचकीत इमारतींच्या आडोशाला आजही साहेबाचा कारकून तिथे भात खातो. स्वच्छतेची ओरड होते ती रास्त आहे, पण ती बहुतांशी नळाची गोष्ट आहे. १९७५ चा त्यांचा स्वच्छता कायदा अन्न हाताळणाऱ्याला आरोग्याचा दाखला मागतो. दाखल्याबरोबर नळ कोण देणार? त्याच माकातीत २००४ पासून दर शनिवारी साल्सेदो बागेत सुखवस्तू लोकांसाठी उघड्यावर बाजार भरतो, खाद्यपदार्थ विकले जातात. तिथे कोणी रॉकेल घेऊन आल्याचे ऐकिवात नाही.

आमच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना उपाहारगृह सक्तीचे केले होते. आम्ही त्यासाठी भांडलो, आणि वडापावच्या गाडीवरचा माणूस आमचा नव्हे असे बऱ्याच युनियनवाल्यांनी ठरवून टाकले. आज गोदीच्या दाराबाहेर कंत्राटी कामगार, पहारेकरी, सामान पोचवणारी पोरे उभी राहून खातात. त्यांना जेवू घालणाऱ्या बाईची जागा, तिचा नळ आणि तिच्या कर्जाचे व्याज या तीन बाबी आमच्या युनियनच्या पुढच्या मागणीपत्रात घालाव्यात असा ठराव मी मांडला आहे. काही सहकाऱ्यांचा विरोध आहे. ते म्हणतात, ही मागणी करायची तरी कोणत्या मालकाकडे? त्यावर येत्या महिन्यात आमची बैठक आहे.