वसंताचा अडसर

मे महिन्यातली ही संध्याकाळ आहे. पावसाचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये येऊन गेला, आता सुधारित अंदाजाकडे आपले डोळे लागले आहेत. याच दिवसांत पृथ्वीच्या माथ्यावरच्या आणखी एका अंदाजाची जुळवाजुळव चालू असते. येत्या सप्टेंबरात उत्तर ध्रुवीय महासागरावर किती बर्फ उरेल?

हा बर्फ म्हणजे हिमनग नव्हे. हिमनग हा जमिनीवरच्या हिमनदीचा तुटलेला तुकडा असतो. मी बोलतो आहे तो समुद्राचंच पाणी गोठून धरलेला, मीटर-दोन मीटर जाडीचा पापुद्रा. मार्चमध्ये तो दीड कोटी चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो आणि सप्टेंबरच्या मध्यावर सर्वांत आक्रसतो. उपग्रहांनी १९७८पासून त्याची नोंद ठेवली आहे. १९८०च्या दशकात सप्टेंबरातही सुमारे सत्तर लाख चौरस किलोमीटर बर्फ उरत असे. २००७ साली तो बेचाळीस लाखांपर्यंत घसरला आणि २०१२ साली चौतीस लाखांपर्यंत, म्हणजे जवळपास आपल्या देशाच्या क्षेत्रफळाएवढा.

२००७चा धक्का मोठा होता. दुसऱ्याच वर्षी शास्त्रज्ञांनी ‘सी आइस आउटलुक’ नावाचा उपक्रम सुरू केला. जगभरचे गट उन्हाळ्यात दर महिन्याला सप्टेंबरचा आपापला आकडा जाहीर करतात. कुणी महासागर, बर्फ आणि हवा एकत्र चालवणारी संगणकी प्रारूपं वापरतं, कुणी मागच्या आकड्यांवरून संख्याशास्त्रानं गणित मांडतं, कुणी अनुभवाच्या जोरावर सांगतं. आपला अंदाज सगळ्यांसमोर ठेवायचा आणि सगळ्यांसमोर तपासून घ्यायचा, या धीटपणाचं मला फार मोल वाटतं. ज्युलिएन स्ट्रोव्ह आणि सहकाऱ्यांनी पहिल्या सहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा असं दिसलं की बर्फ नेहमीच्या उतरणीवर राहिला त्या वर्षी अंदाज बरोबर आले. त्यानं वाट सोडली त्या वर्षी चुकले. २०१२चा तळ जवळजवळ कुणालाच दिसला नव्हता. २०१३ साली बर्फ पुन्हा पन्नास लाखांवर गेला, तेही हुकलं.

का हुकतं? त्यासाठी प्रारूपाच्या आत डोकावावं लागतं.

प्रारूपाला आधी बर्फ कसा वाहतो ते सांगावं लागतं. १८९३ साली ध्रुवीय संशोधक फ्रित्यॉफ नान्सेननं ‘फ्राम’ हे जहाज सैबेरियाच्या उत्तरेला मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं. तीन वर्षांनी ते स्पिट्सबर्गेनजवळ मोकळं झालं. बर्फ वाऱ्याच्या दिशेनं सरळ न जाता तिच्या उजवीकडे सरकतो, हे नान्सेननं टिपलं. त्याचा खुलासा पुढे एकमन या शास्त्रज्ञानं पृथ्वीच्या परिवलनातून केला. पण बर्फ नुसता वाहत नाही, एकमेकांवर रेटतोही. विल्यम हिबलर यांनी १९७९ साली तो रेटा समीकरणात बसवला, आणि आजच्या अनेक प्रारूपांचा पाया तोच आहे. आषाढीच्या वारीत मोकळ्या माळावर जो तो आपल्या चालीनं चालतो. गावाच्या वेशीपाशी दाटी झाली की मागचा रेटा पार पुढच्यापर्यंत पोचतो. बर्फाचंही तसंच. विरळ असला की ताणाला दाद देतो, दाट झाला की अडतो, मोडतो, एकावर एक चढतो.

वाहण्याचं हे गणित बऱ्यापैकी जमतं. खरी अडचण उन्हाची आहे. जूनच्या अयनाच्या सुमारास ध्रुवावर सूर्य मावळतच नाही, आणि वातावरणाच्या माथ्यावर दिवसभरात पडणारं ऊन तेव्हा विषुववृत्तापेक्षाही ध्रुवावर जास्त असतं. ताज्या हिमानं झाकलेला बर्फ त्यातलं ऐंशी टक्क्यांहून अधिक परत फेकतो. उघडं पाणी नव्वद टक्क्यांहून अधिक गिळतं. मे-जूनमध्ये हिम वितळून बर्फावर निळी डबकी साचतात. ती लवकर साचली तर ऐन उन्हाचे दिवस बर्फाच्या मुळावर येतात. रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं, की मेमधल्या डबक्यांच्या प्रमाणावरून सप्टेंबरच्या बर्फाचा बराच सुगावा लागतो.

हिवाळ्याची तऱ्हा उलटी. पातळ बर्फातून उष्णता लवकर निसटते, म्हणून तो जाड बर्फापेक्षा भराभर वाढतो आणि आधीची तूट बरीचशी भरून निघते. हिवाळा फरक मिटवतो, उन्हाळा वाढवतो. म्हणून मार्चमध्ये केलेला सप्टेंबरचा अंदाज लंगडा पडतो आणि जूनमध्ये केलेला एकदम सावरतो. हा वसंतातला अडसर कसा तयार होतो, ते मिचेल बुशुक आणि सहकाऱ्यांनी २०२० साली दोन प्रारूपांत तपासून दाखवलं. एल निनोच्या अंदाजालाही वसंतात असाच अडसर असतो. कारणं वेगळी, पण मान्सूनचा विचार करणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे.

यावर उपाय म्हणजे बर्फाची जाडी नेमकी कळणं. ‘क्रायोसॅट-२’ हा उपग्रह २०१०पासून ती मोजतो, पण त्याला दिसतो तो पाण्यावर आलेला भाग, एकूण जाडीचा जेमतेम नववा-दहावा हिस्सा. तिथं दोन सेंटीमीटर चुकलं की जाडीत वीस सेंटीमीटरची चूक. उन्हाळ्यात तर डबकं कोणतं आणि समुद्र कोणता हेच रडारला उमगत नसे. उन्हाळ्यातली जाडी २०२२मध्ये प्रथमच नीट हाती आली.

प्रारूपाचा उपयोग मात्र अंदाजापुरता नाही. ऑगस्ट २०१२मध्ये ध्रुवीय समुद्रावर प्रचंड वादळ झालं, आणि त्या वर्षीचा नीचांक वादळामुळेच आला असं पुष्कळांना वाटलं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जिनलुन झांग आणि सहकाऱ्यांनी तोच उन्हाळा प्रारूपात वादळाविना चालवून पाहिला. नीचांक तरीही झालाच. बर्फ आधीच इतका पातळ झाला होता.

अंदाजाकडे परतायचं, तर दीर्घ स्मृती असते ती समुद्राला. बॅरेंट्स समुद्रात किती गरम अटलांटिक पाणी येतं आहे हे कळलं, तर पुढच्या हिवाळ्यातल्या बर्फाचा अंदाज बांधता येतो. ते पाणी स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्डमध्येही शिरतं, आणि तिथं २०१४पासून आपली ‘इंडआर्क’ ही नांगरलेली वेधशाळा तापमान, क्षारता, प्रवाह मोजते. ती उभारण्यात गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचा हात आहे, याचा मला अभिमान वाटतो.

२०१२नंतर सप्टेंबरचा नवा नीचांक झालेला नाही. काही वर्षांतच बर्फ संपेल असं तेव्हा सांगणारे घाईत होते. आता काळजीचं कारण उरलं नाही म्हणणारेही तितकेच चुकतात. शास्त्रज्ञ नोट्झ आणि स्ट्रोव्ह यांच्या २०१६च्या हिशेबाप्रमाणे हवेत सोडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरचा तीन चौरस मीटर बर्फ जातो. २०५०पूर्वी एखाद्या तरी सप्टेंबरात तो दहा लाख चौरस किलोमीटरच्या खाली जाण्याचा संभव आहे, असं आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाचा २०२१चा अहवाल सांगतो. वर्ष नेमकं सांगता येत नाही, उतार सांगता येतो.

बेरिंग समुद्रात सेंट लॉरेन्स नावाचं बेट आहे. तिथल्या गॅम्बेल आणि सवूंगा या गावांतले युपिक लोक वसंतात वॉलरसच्या शिकारीला निघतात. सप्टेंबरच्या आकड्याशी त्यांचं काम नसतं; किनाऱ्याजवळचा बर्फ येत्या आठ-दहा दिवसांत वारा कुठं लोटेल, एवढं त्यांना हवं असतं. २०१०पासून त्यांच्यासाठी वसंतात दर आठवड्याला बर्फाचं आणि वाऱ्याचं एक पत्रक निघतं. ते वाचून माणसं होड्या पाण्यात ढकलतात, आणि परतल्यावर स्वतः पाहिलेला बर्फ कसा होता ते पुढच्या पत्रकासाठी कळवतात.