द्राक्षवेलीचा वंश
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आजच्या विषयात मद्याचा उल्लेख येणार, हे ऐकून वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी पडणे साहजिक आहे. परंतु मद्याची भलामण करण्यास आम्ही उभे राहिलेलो नाही. एका वेलीचा बुडत चाललेला वंश एका कुटुंबाने कसा तारला, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात फ्रिउली नावाचा प्रदेश आहे. तेथे स्लोव्हेनियाच्या सीमेलगत प्रेपोत्तो हे लहानसे गाव. 'स्किओपेत्तीनो' ही काळी द्राक्षे याच टापूतील. त्यांच्या मद्यास मिरीचा गंध येतो. कारण मिरीत असणारे रोटंडोन हे द्रव्य या फळातही असते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा किडीने युरोपातील द्राक्षवेलींची मुळे पोखरली. अमेरिकन खुंटावर कलम बांधणे हाच उपाय ठरला. तथापि नव्या बागा लावताना लोकांनी मेर्लोसारख्या फ्रेंच जाती पसंत केल्या आणि घरची वेल मागे पडली. पुढे तर लागवडीस मान्य असलेल्या जातींच्या सरकारी यादीतही तिला स्थान उरले नाही.

१९७० साली पाओलो व दीना रापुत्सी या दांपत्याने चाल्लाच्या खोऱ्यातील एक पडीक मळा घेतला. खपणारी जात लावणे सोपे होते. त्यांनी मात्र आसपास हिंडून उरल्यासुरल्या जुन्या वेली शोधल्या, त्यांच्या काड्या आणून कलमे बांधली. कायद्याची मान्यता नाही, उत्पन्नाची शाश्वती नाही, अशा स्थितीत बाग वाढू लागली. १९७५ साली नोनीनो या मद्य गाळणाऱ्या कुटुंबाने नामशेष होऊ लागलेल्या वेलींच्या रक्षणार्थ 'रिझीत दाउर', म्हणजे 'सोन्याची द्राक्षकाडी', हे पारितोषिक स्थापिले. त्याचा पहिला मान रापुत्सींस १९७६ साली मिळाला. १९७७च्या फळापासून त्यांचे या जातीचे पहिले मद्य सिद्ध झाले. कालांतराने कायद्यानेही त्या वेलीस मान्यता दिली, आणि पुढे त्यांच्या पुत्रांनी तो मळा सांभाळला.

बंधूंनो, मळा घेतल्यापासून पहिल्या मद्यापर्यंत सात वर्षे गेली. एवढा धीर आपल्यापैकी किती जणांस आहे? नाशिककडे एके काळी भोकरी आणि फकडी ही द्राक्षे घरोघरच्या तोंडी होती. आज बहुतेक बागा थॉम्सन आणि तिच्या उपजातींच्या आहेत. यात कोणाचा दोष आम्ही काढीत नाही. कर्ज फेडावयाचे तर बाजार मागेल तेच पिकवावे लागते. परंतु साऱ्या शेतावर बाजाराची सत्ता असली, तरी बांधाकडेच्या चार वेलींवर ती असावी असे नाही.

म्हणून आमची एकच विनंती आहे. ज्याच्या परड्यात, विहिरीच्या काठी जुनी वेल अथवा जुने बियाणे असेल, त्याने ते उपटण्यापूर्वी एक काडी, एक मूठ शेजाऱ्यास द्यावी. प्रेपोत्तोच्या वेली वाचल्या, त्या कोणीतरी कोपऱ्यात राहू दिल्या होत्या म्हणूनच. ज्यांनी त्या राहू दिल्या, त्यांची नावे आम्हांस ठाऊक नाहीत. पण त्यांच्यावाचून रापुत्सींस शोधावयास काहीच उरले नसते.