लहरींचा खंड आणि वेगाची वाटणी

(कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



आजचा विषय तांत्रिक वाटण्याचा संभव आहे. मोबाइल कंपन्या आपली जाळी टू-जीवरून थ्री-जीवर, तेथून फोर-जीवर आणि आता फाइव्ह-जीवर नेत आहेत. यात समाजवाद्यांनी चर्चा करण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. परंतु या यंत्रांच्या मुळाशी असलेला प्रश्न अर्थशास्त्रातील अगदी जुना प्रश्न आहे. सर्वांच्या मालकीची मर्यादित साधनसंपत्ती थोड्यांच्या हाती सोपविली, तर तिचा लाभ कोणाला मिळतो आणि भार कोण वाहतो, हा तो प्रश्न होय.

ज्या लहरींवरून आपले बोलणे वाहून नेले जाते, त्या कोणाच्या? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे निःसंदिग्ध उत्तर दिले. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे, असा तो निर्णय होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी केलेल्या संभाषणाने या देशातील मोबाइल सेवेला प्रारंभ झाला. म्हणजे मालकी कोणाची हे सेवा सुरू होण्याआधीच ठरले होते. पुढच्या तीस वर्षांत तिचा विसर पडत गेला.

लहरी जमिनीसारख्या असतात. सगळी जमीन सारखी सुपीक नसते, तशा सगळ्या लहरीही सारख्या कामाच्या नसतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतून आत शिरतात. ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी अधिक माहिती वाहतात, पण त्यांचा पल्ला कमी. २६ गिगाहर्ट्झच्या लहरी तर काही शे मीटरवरच क्षीण होतात. पल्ला जितका कमी तितके मनोरे अधिक, आणि प्रत्येक मनोऱ्यापर्यंत प्रकाशतंतूची वाहिनी हवी. दाट वस्तीच्या शहरात हा खर्च लाखो ग्राहकांवर विभागला जातो. अक्कलकुव्याच्या किंवा भामरागडच्या पाड्यावर तो तसा विभागता येत नाही. नवे तंत्र प्रथम शहरात जाते आणि दुर्गम भागाकडे शेवटी वळते, याचे कारण या हिशेबात आहे. त्यासाठी कोणाला दुष्ट ठरविण्याची गरज नाही. परंतु हा हिशेब बदलण्याचे कर्तव्य शासनाचे आहे.

२०२२च्या जुलै-ऑगस्टमध्ये झालेल्या लिलावात सरकारला सुमारे १ लाख ५० हजार कोटी रुपयांच्या बोली मिळाल्या. त्यांपैकी एकट्या जिओची बोली ८८ हजार कोटींच्या वर होती, आणि ७०० मेगाहर्ट्झची सुपीक जमीन घेणारी तीच एक कंपनी होती. ही रक्कम वीस वार्षिक हप्त्यांत फेडण्याची मुभा आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जीचे उद्घाटन झाले. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढविले. जिओचे २८ दिवसांचे १५५ रुपयांचे पॅकेज १८९ रुपयांचे झाले, एअरटेलचे १७९ रुपयांचे १९९ रुपयांचे झाले.

लहरींसाठी एवढा पैसा मोजल्यावर दर वाढणारच, असे समर्थन या वेळी ऐकू आले. ते तपासून पाहिले पाहिजे. खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग असते म्हणून खंड द्यावा लागतो, हे रिकार्डोने दोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिले. लहरींनाही हाच न्याय लागू आहे. एकदा बोली लावल्यावर ती रक्कम ग्राहक वाढोत वा घटोत, द्यावीच लागते. दर किती ठेवायचा हे बाजारात विक्रेते किती आहेत यावर ठरते. दहा-बारा कंपन्या होत्या तेव्हा दर उतरले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर ते कोसळले. आणि स्पर्धक नाहीसे होऊन खाजगी क्षेत्रात तीनच उरल्या तेव्हा ते वर चढू लागले. दरवाढीचे कारण सरकारी तिजोरीत शोधण्याऐवजी या मक्तेदारीसदृश रचनेत शोधावे लागेल.

आता वेगाची गरज नसलेल्या माणसाकडे वळू. साधा बटनांचा फोन वापरणारे कोट्यवधी लोक आजही आहेत. शेतमजूर, घरकामगार स्त्रिया, म्हातारी माणसे यांना बोलता आले आणि बँकेचा संदेश आला की पुरते. २०२० साली मुकेश अंबानी यांनी टू-जीमुक्त भारताची हाक दिली. जुने जाळे बंद केले की लहरी मोकळ्या होतात, वीज वाचते, हे खरे. परंतु बंद होणाऱ्या जाळ्याबरोबर गरिबाचा चालू फोनही निकामी होतो, आणि नव्या फोनची किंमत कंपनीच्या ताळेबंदात कोठेच दिसत नाही. दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ संभाषण आणि संदेश यांची स्वतंत्र पॅकेजे देणे बंधनकारक केले, हे योग्यच झाले. कंपन्यांनी ती काढली खरी, पण ८४ दिवसांची आणि वर्षभराची. रोजंदारीवर जगणाऱ्याने साडेचारशे रुपयांच्या आसपासची रक्कम एकदम कोठून आणावी?

अशा वेळी जनतेची स्वतःची कंपनी उपयोगी पडावयाची. बीएसएनएलची कथा मात्र खेदजनक आहे. एअरटेलने कोलकात्यात फोर-जी सुरू केले ते एप्रिल २०१२ मध्ये. बीएसएनएलला फोर-जी लहरी देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१९ मध्ये झाला. २०२० मध्ये तिची निविदा रद्द करून स्वदेशी यंत्रसामग्रीची अट घालण्यात आली, आणि देशव्यापी फोर-जीचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे झाले. स्वदेशी तंत्र उभे राहिले याचे मी स्वागतच करतो. पण ते उभे करण्याची वर्षे एकट्या सार्वजनिक कंपनीने मोजली. खाजगी कंपन्या या काळात नोकिया, एरिक्सनची यंत्रे बसवून ग्राहक मिळवीत होत्या. दुसरीकडे व्होडाफोन-आयडियाची सरकारी देणी भागभांडवलात बदलून घेतल्याने २०२५ मध्ये सरकार त्या कंपनीचे जवळजवळ ४९ टक्क्यांचे भागधारक झाले, आणि व्यवस्थापन मात्र प्रवर्तकांकडेच राहिले. तोट्याचे राष्ट्रीयीकरण आणि अधिकाराचे खाजगीकरण, हा प्रकार आपण पूर्वीही पाहिला आहे.

वेगवान जाळ्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. २०२०च्या टाळेबंदीत कोकणातली मुले रेंजसाठी डोंगरावर जाऊन अभ्यास करीत होती; त्यांना हे जाळे शहरी माणसाहून अधिक हवे आहे. म्हणूनच आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. कंपन्यांच्या महसुलातून घेतला जाणारा पाच टक्के सार्वत्रिक सेवेचा आकार, जो आता डिजिटल भारत निधी या नावाने जमा होतो, वर्षाच्या वर्षी दुर्गम गावांसाठी खर्च व्हावा आणि त्याचा जिल्हावार हिशेब प्रसिद्ध व्हावा. पर्यायी सेवा आणि परवडणारा फोन हाती येईपर्यंत कोणत्याही भागातील टू-जी बंद करू नये. संभाषणाचे पॅकेज २८ दिवसांचेही असावे. आणि फोर-जीसाठी झालेला विलंब फाइव्ह-जीच्या बाबतीत बीएसएनएलच्या वाट्याला पुन्हा येऊ नये.

आपापल्या तालुक्यात यातील पहिलेच काम हाती घ्या. कोणत्या गावात कोणते जाळे पोचते, कोठे पोचत नाही, याची पाहणी करा आणि ती यादी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे व खासदारांकडे जा. मालक आपण आहोत; मालकाने हिशेब मागावयास संकोच करू नये.