कवितेतील राष्ट्र आणि आपले सुरत
(मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



आपल्या वार्तापत्रातील कवितेच्या पानावर केवळ देशभक्तीपर कविता छापाव्यात, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. सूचनेमागची भावना आम्हांला मान्य आहे, सूचना मात्र मान्य नाही. का, ते सांगतो.

राष्ट्र म्हणजे काय, यावर भांडण होण्याची सुरतेला सवय आहे. डिसेंबर 1907 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन इथेच उधळले गेले. लोकमान्य टिळक एका बाजूला, फिरोजशहा मेहता दुसऱ्या बाजूला. दोघेही देशाचेच. देशप्रेम एकाच सुरात बोलत नाही, हा धडा याच गावाने देशाला दिला.

त्याच्याही आधीची गोष्ट कवी नर्मदची. 1864 मध्ये त्याने मूठभर मित्रांच्या साथीने 'दांडियो' हे पाक्षिक काढले. पाने थोडी, पण समाजातील दंभावर सडकून टीका. गुजरातचे गौरवगीत लिहिणारा कवी तो हाच. गुजरात कोणाची, असा प्रश्नही त्याने कवितेत विचारला आणि उत्तर देताना परधर्मीयांनाही त्यात सामावून घेतले. ज्याने आपल्या माणसांचे दोष दाखवले, त्यानेच त्यांचा गौरव गायिला.

आता आपल्या मराठीकडे येऊ. मराठी नवकवितेला हक्काचे घर मिळाले ते पुण्या-मुंबईत नव्हे, तर बडोद्यात. 1943 मध्ये पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांनी तिथे 'अभिरुचि' मासिक सुरू केले. खानदेशात फैजपूरला जन्मलेल्या मर्ढेकरांच्या कविता त्यात छापून आल्या. त्या काळी अनेकांना त्या दुर्बोध आणि विचित्र वाटल्या. पुढे मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटलाही झाला आणि ते निर्दोष सुटले. आज त्यांना वगळून मराठी कवितेचा इतिहास सांगता येत नाही. बडोद्याच्या त्या संपादकांनी 'यात देश कुठे आहे?' असे विचारून कविता परत पाठवल्या असत्या, तर नुकसान कोणाचे झाले असते?

याच चित्र्यांचे चिरंजीव दिलीप चित्रे. जन्म बडोद्याचा, 1938 चा. मुंबईत त्यांनी अरुण कोलटकर आदी मित्रांसह 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेले अनियतकालिक काढले. लोक म्हणत, ही पोरे परदेशी कवींच्या नादी लागली आहेत. पण याच चित्र्यांनी तुकाराम इंग्रजीत नेला आणि कोलटकरांनी जेजुरीवर इंग्रजीत काव्यसंग्रह लिहिला. देहू आणि जेजुरी यांच्याहून अधिक आपले काय असते? मुळे दाखवण्यासाठी त्यांना झेंडा हातात घ्यावा लागला नाही.

आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या तापीकाठी राहिली. आपल्या स्वयंपाकघरात वरण आणि उंधियू एकाच चुलीवर शिजले. आपली मुले व्यवहारात गुजराती बोलतात, म्हणून ती कमी मराठी ठरत नाहीत. तसेच खानदेशातून कापडाच्या कामासाठी आलेला आपला बांधव अहिराणीत लिहितो, म्हणून तोही कमी मराठी ठरत नाही. खरे बोलायचे तर, आपण जुन्या घराण्यांनी त्याला 'बाहेरचा' म्हणण्याची चूक केली आहे. इथे कधी काळी आपणही बाहेरचेच होतो.

म्हणून आमची विनंती अशी की, कवितेचे पान सर्वांना खुले ठेवावे. त्यावर देशभक्तीची कविता यावी, तशीच लूमवर रात्रपाळी करणाऱ्याचीही यावी, अहिराणीतली यावी, गुजराती शब्द मिसळलेली नातवंडांचीही यावी. कविता निवडताना ती खरी आहे की नाही, एवढेच पाहावे.

2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे पेढे आपण वाटले. दर्जा सरकार देते, भाषा मात्र आपल्यालाच जगवावी लागते, आणि तेही पानभर जागेपासून.

जय हिंद! जय महाराष्ट्र! जय गुजरात!